गणितात खूप पुढे असलेल्या मुलीला नागपुरात कुणाकडे पाठवावं?

अनघा_नागपूर

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, पण आज विचारायचंच असं ठरवलं.

लेक सहावीत आहे, सीबीएसई शाळा, राहायला मनीषनगरला. तिला गणित चांगलं येतं एवढंच असतं तर धागा काढला नसता. ती स्वतःच प्रश्न तयार करते आणि मग त्यांचा पिच्छा सोडत नाही. परवा माझ्याबरोबर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मध्येच म्हणाली, "आई, ९ म्हणजे ४ + ५, आणि २ + ३ + ४ सुद्धा. १५ तर तीन तऱ्हांनी होतात: ७ + ८, ४ + ५ + ६ आणि १ + २ + ३ + ४ + ५. मग ८ का होत नाहीत? १६ पण होत नाहीत." लागोपाठच्या संख्यांचीच बेरीज हवी, हा तिचा नियम. झोपायच्या आधी तिने ३२ पर्यंत सगळं तपासलं. ३२ सुद्धा होत नाही. का होत नाही ते मला सांगता येईना. मी कॉमर्सची, तिचे बाबा बँकेत.

शाळेतल्या बाई मनापासून शिकवतात, पण वर्गात पंचेचाळीस मुलं. हिचं आधीच संपतं, उरलेल्या वेळात वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढते. हल्ली म्हणते, गणिताचा तास सगळ्यात कंटाळवाणा असतो. मला धास्ती आहे ती याची.

सल्ल्यांना तोटा नाही. सहावीपासून जेईई फाउंडेशन लावा, अबॅकस लावा, वैदिक गणित लावा, एक इयत्ता गाळा. पुण्याला मावशीकडे ठेवा, असंही झालं सांगून. मला एवढंच विचारायचंय, की अशा मुलांना शिकवणारे वेगळे शिक्षक असतात का, ते नेमकं काय वेगळं करतात, आणि नागपुरात राहून हे जमेल का?

तर्रीपोहे

ताई, १६ काऊन होत नाही या नादात माझा चहा गार झाला. कोणी लगेच उत्तर सांगू नका, मी करून राहिलो.

निवृत्त_मास्तर

अनघाताई, धागा काढलात ते फार चांगलं केलंत. कॉलेजात गणित शिकवण्यात माझा जन्म गेला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मुलीचा प्रश्न. उत्तर तिला सांगू नका. एक तक्ता करायला सांगा. डावीकडे संख्या, मध्ये ती किती तऱ्हांनी लिहिता येते (नुसती ती संख्या एकटी, हीसुद्धा एक तऱ्हा धरायची), उजवीकडे तिचे विषम विभाजक. १५ चे विषम विभाजक १, ३, ५, १५, म्हणजे चार. तऱ्हा तिने शोधलेल्या तीन आणि १५ एकटा, म्हणजे चार. ९ चे १, ३, ९, म्हणजे तीन, आणि तऱ्हाही तीनच. १६ ला १ सोडून विषम विभाजकच नाही. हे मी तुम्हाला सांगतोय, तिला नाही. तक्ता भरता भरता दोन रकाने जुळताहेत हे तिचं तिला दिसू द्या. तो आनंद तिच्या हक्काचा आहे.

आता तुमचा प्रश्न. गणितात हुशार म्हणून आणलेल्या मुलांत मला तीन प्रकार दिसत आले. काहींची आकडेमोड झपाट्याची असते, काही पुढच्या इयत्तेची पुस्तकं आधीच उरकून आलेली असतात, आणि काहींना 'का' विचारल्याशिवाय चैन पडत नाही. अबॅकस पहिल्या प्रकाराला उपयोगी, फाउंडेशन दुसऱ्याला. तुमची लेक तिसऱ्यातली दिसते. तिला सहावीतच नववीचं बीजगणित शिकवलं तर आणखी तीन वर्षं कंटाळायची सोय होईल. तिला हवा तिच्या कुवतीपेक्षा जरासा अवघड प्रश्न, आणि तो तिच्या हातात देऊन गप्प बसणारा माणूस. हे गप्प बसणंच कठीण असतं. मूल अडखळलं की आपला हात खडूकडे जातो. ज्याचा जात नाही तो अशा मुलांचा शिक्षक.

भेंडे_लेआउट

मास्तरांचा मान ठेवून वेगळं मत मांडतो. माझा मोठा फाउंडेशनला होता आणि मला तो निर्णय योग्यच वाटतो. शाळेत त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं, तिथे एका बॅचमध्ये वीस जण भेटले. रोज बसायची सवय लागली. आज चांगल्या इंजिनिअरिंग कॉलेजात आहे. 'का' विचारणं चांगलंच, पण मध्यमवर्गीय घरात शेवटी प्रवेश परीक्षा असते. दोन्ही डगरींवर हात ठेवता येतो, एकच धरा असं का?

मूळसंख्या

मी नागपूरचीच, आता बंगळूरला असते. शाळेत असताना गणित ऑलिम्पियाड या स्पर्धेच्या वाटेने गेले, म्हणून माहिती देते.

ही वाट साधारण आठवीपासून सुरू होते. पहिली पायरी आयओक्यूएम ही पात्रता परीक्षा: ३ तास, ३० प्रश्न, १०० गुण, आणि प्रत्येक उत्तर ० ते ९९ मधली पूर्ण संख्या. त्यातून आरएमओ, म्हणजे प्रादेशिक फेरी. तिथे ३ तासांत फक्त ६ प्रश्न, आणि उत्तर नव्हे तर पूर्ण सिद्धता लिहायची. मग आयएनएमओ ही राष्ट्रीय फेरी, मग होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं शिबिर, आणि शेवटी देशाचा सहा जणांचा संघ. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दोन दिवस, रोज साडेचार तास आणि तीन प्रश्न. स्पर्धा १९५९ मध्ये रुमानियात सुरू झाली, भारत १९८९ पासून जातो, १९९६ मध्ये ती मुंबईतच झाली होती. २०२४ ला इंग्लंडमध्ये बाथला आपल्या मुलांनी चार सुवर्णपदकं आणली, देश चौथा आला.

कॅल्क्युलस लागत नाही. नंबर थिअरी (संख्यांचे गुणधर्म), भूमिती, बीजगणित आणि कॉम्बिनेटोरिक्स (किती तऱ्हांनी होईल ते मोजणं). म्हणजे सहावीतली मुलगी जे शेंगा सोलताना करतेय तेच, फक्त खोल.

@भेंडे_लेआउट, तुमचं म्हणणं मला पटतं, पण अर्धं. सोबत मिळाली हा क्लासचा खरा फायदा. मात्र तिथल्या प्रश्नाला मिनिटं मोजून दिलेली असतात. आरएमओचा एकेक प्रश्न मी चार-चार दिवस डोक्यात घेऊन हिंडायचे. मेंदूला तशी सवय लागायला वेळ मोकळा लागतो, आणि फाउंडेशनच्या टेस्ट सिरीज सुरू झाल्या की नेमका तोच उरत नाही. आयएनएमओपर्यंत पोचलेल्यांना चेन्नईचं सीएमआय (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) किंवा आयएसआय (भारतीय सांख्यिकी संस्था) इथे गणितासाठी वेगळी दारं उघडतात, तेव्हा पोटापाण्याची वाट या बाजूलाही आहेच.

तर्रीपोहे

मास्तरांचा प्रतिसाद चुकून पुरा वाचला. आता ६४ वर प्रयत्न करण्यात अर्थ उरला नाही, जेवून घेतो.

आजोबा_महाल

सगळ्यांचं वाचलं. आमच्या वेळी चौथी-सातवीची स्कॉलरशिप एवढीच काय ती परीक्षा. मुलगी अकरा-बारा वर्षांची आहे. तिला सायकल चालवू द्या, फुटाळा तलावावर जाऊ द्या. तज्ज्ञ शिक्षक, शिबिरं, पदकं... बालपण कुठे राहिलं यात?

अनघा_नागपूर

@आजोबा_महाल, काका, तुमची काळजी कळते. सायकल आहे, कॉलनीत खेळतेही भरपूर. पण शेंगा सोलताना तिने जे केलं तेही तिचं खेळणंच होतं ना? तिला त्यात सवंगडी नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

मृण्मयी

मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. वर्ग गाळण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

'वरच्या वर्गात बसवलं तर मूल एकटं पडतं' ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये गणितात असामान्य असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना त्यांनी कॉलेजप्रवेशाची परीक्षा द्यायला लावली आणि पुढे कित्येक दशकं त्या मुलांचा मागोवा घेतला गेला. नीट विचार करून पुढे नेलेल्या मुलांचं सर्वसाधारणपणे नुकसान झालेलं दिसलं नाही.

पण पूर्ण इयत्ता गाळण्यापेक्षा एक मधला मार्ग मला जास्त आवडतो. टेरेन्स टाओ या नामांकित गणितज्ञाचं नाव ऐकलं असेल. तो साताठ वर्षांचा असताना आई-वडिलांनी त्याला फक्त गणितासाठी हायस्कूलच्या वर्गात पाठवलं, बाकीचे विषय प्राथमिक शाळेतच ठेवले. १९८६ मध्ये दहाव्या वर्षी त्याने ऑलिम्पियाडचं कांस्य घेतलं, १९८८ ला सुवर्ण, आणि २००६ मध्ये फील्ड्स पदक, म्हणजे गणितातला सर्वांत मोठा मानला जाणारा सन्मान. सगळी मुलं टाओ नसतात, पण ती युक्ती सगळ्यांच्या कामाची आहे. अनघाताई, मुख्याध्यापकांना भेटून विचारा, आठवड्यातून दोन तास गणितासाठी तिला आठवीत बसू देतील का. वेळापत्रक जुळवायला लागतं, अशक्य नसतं. ते नाहीच जमलं तर निदान वर्गातलं काम संपल्यावर स्वतःचा प्रश्न सोडवायची मुभा तिला लेखी मिळवा, म्हणजे ती चोरून चित्रं काढणार नाही.

मुलगी आहे म्हणून आणखी एक. इराणची गणितज्ञ मरियम मिर्झाखानी, तिला शाळेत एक वर्ष गणित चांगलं जात नव्हतं, शिक्षकांना तिच्यात काही विशेष दिसलं नाही, आणि तिचं मन विषयावरून उडालं होतं. पुढच्या वर्षी शिक्षक बदलले आणि ती परत वळली. ऑलिम्पियाडची १९९४ आणि १९९५ अशी लागोपाठ दोन सुवर्णपदकं, आणि २०१४ मध्ये फील्ड्स पदक मिळवणारी पहिली स्त्री. सहावी-सातवीतलं एक वर्ष किती नाजूक असतं ते बघा. 'गणिताचा तास कंटाळवाणा' हे वाक्य हलक्यात घेऊ नका.

संत्र्याची_बाग

काटोलकडचा शेतकरी हाय, गणितात बीएस्सी केलं होतं. जरा अवांतर होईल, पण पोरीला सांगा.

कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा चौकोनी ढीग रचला समजा. सगळ्यात वर १, खाली ४, त्याखाली ९, मग १६. एकूण किती होत जातात? १, ५, १४, ३०, ५५... आता प्रश्न असा, की अशा ढिगातली सगळी संत्री उतरवून जमिनीवर एका थरात बरोबर चौरस मांडता येईल काय? एका संत्र्याचं सोडा. २४ थर रचले तर ४९०० संत्री होतात, म्हणजे ७० गुणिले ७०, बरोबर चौरस! आणि त्याच्यापुढे कितीही उंच ढीग रचा, पुन्हा कधीच जमत नाही. हा प्रश्न १८७५ मध्ये ल्युका नावाच्या फ्रेंच गणितीनं तोफगोळ्यांवरून टाकला, अन् दुसरं उत्तर नाही हे १९१८ मध्ये वॉटसननं सिद्ध केलं. फ्रान्समधे तोफगोळे, आपल्याकडे संत्री.

मूळसंख्या

@संत्र्याची_बाग, हे अवांतर नाहीच, हाच मुद्दा आहे! सहावीच्या मुलीला यातली पहिली पाच-सहा उत्तरं हाताने काढता येतात, आणि शेवटची सिद्धता भल्याभल्यांना घाम फोडते. उत्तम प्रश्न असाच असतो, पायरी बुटकी आणि माडी उंच. केंब्रिज विद्यापीठाच्या एनरिच संकेतस्थळावर असे शेकडो प्रश्न वयानुसार लावलेले आहेत, फुकट. घरी इंग्रजी वाचणारं कुणी असेल तर आजच सुरू करता येईल.

झेडपी_गुरुजी

दोन दिवसांपासून धागा वाचतोय. उमरेड तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर आहे.

अनघाताईंच्या लेकीचं नशीब असं, की तिने प्रश्न विचारला तेव्हा ऐकायला आई होती. माझ्या वर्गात एक पोरगी आहे. आई-बाप मिरची तोडायला जातात. तिला ६१७४ ची गोष्ट सांगितली. कोणतेही चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग उलटे मांडा, वजाबाकी करा, आलेल्या संख्येचं पुन्हा तेच. ३५२४ घेतलं तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि एकदा ६१७४ आलं की तेच येत राहतं. जास्तीत जास्त सात वेळा करावं लागतं. बाकीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि सोडून दिलं. ही दुसऱ्या दिवशी पाटीवर तीन अंकांचं करून आली. म्हणाली, "गुरुजी, तिथं ४९५ येते." मी तिला सांगितलंच नव्हतं की तीन अंकांनाही असं काही असतं.

हा शोध दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांचा. देवळालीला शाळामास्तर होते, १९३० पासून १९६२ पर्यंत. विद्यापीठ नाही, पीएचडी नाही. सगळ्या जगात त्या संख्येला आज कापरेकर स्थिरांक म्हणतात.

माझा प्रश्न सगळ्यांना आहे. तज्ज्ञ शिक्षक, शिबिर, मेंटॉर हे सगळं धरमपेठ-मनीषनगरच्या मुलांना कसंबसं मिळेल. या पोरीला कोण शोधणार? नवोदयची परीक्षा देऊन नवेगाव खैरीच्या निवासी शाळेत लागली तर ठीक. नाही लागली तर?

निवृत्त_मास्तर

गुरुजी, ४९५ शोधणाऱ्या त्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा. तुमचा प्रश्न धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे.

जगात हे काम दोन तऱ्हांनी झालंय. एक रशियातली. लेनिनग्राडला १९३० च्या दशकात गणिताची मंडळं निघाली. शाळा सुटल्यावर विद्यापीठातले तरुण गणिती मुलांबरोबर बसत, प्रश्न घालत, मुलं फळ्यावर येऊन वाद घालत. पुढे १९६३ मध्ये कोल्मोगोरोव्हसारख्या जगन्मान्य गणितीने मॉस्कोत निवासी शाळा काढली आणि स्वतः तिथे शिकवलं. दूरच्या गावांतली मुलं राहू शकावीत म्हणून ती निवासी होती. दुसरी तऱ्हा हंगेरीतली. तिथे १८९४ मध्ये एका शाळामास्तराने शाळकरी मुलांसाठी गणिताचं मासिक काढलं. दर महिन्याला प्रश्न छापायचे, मुलांनी उत्तरं टपालाने पाठवायची, चांगली उत्तरं मुलांच्या नावासह छापायची. ते मासिक अजून चालू आहे. त्यात राजधानीतलं मूल आणि खेड्यातलं मूल यांना एकच पोस्टाचं तिकीट लागत होतं.

आपल्याकडेही शून्य नाही. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी १९६२ पासून बुद्धिमान मुलांसाठी काम करतेय. गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं, तिथे ऑलिम्पियाडची तयारी होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तर जिल्हा पातळीवर गणित मंडळं काढा असं चक्क लिहिलेलं आहे. कुणीतरी काढायची आहेत, एवढंच.

मी रविवारी सकाळी मोकळा असतो. माझ्याकडे फळा आहे, ओसरी आहे. सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनपासून चालत येता येतं. सुरुवात करू या का?

भेंडे_लेआउट

माझं मत बदललेलं नाही, अकरावीपर्यंत प्रवेश परीक्षेची तयारी लागतेच. पण धाकटी सातवीत आहे आणि ती अनघाताईंच्या लेकीसारखीच डोकं खाते. तिला घेऊन येतो. फी काय ठेवणार? फुकट ठेवलं की लोक गांभीर्याने घेत नाहीत, हा माझा अनुभव.

झेडपी_गुरुजी

फी नको, साहेब. फी ठेवली की माझ्या पोरांचा विषय तिथंच संपला. आणि प्रवेश परीक्षाही नको. ज्याला करमत नाही ते पोट्टं आपोआप येणं बंद करते.

मूळसंख्या

गुरुजींना अनुमोदन. जाण्यायेण्याचं आणि झेरॉक्सचं आम्ही बाहेरगावचे नागपूरकर बघू. आणि हंगेरीची पद्धत आज व्हॉट्सअ‍ॅपवर होऊ शकते. महिन्याला सहा प्रश्न, मराठीत. मुलांनी हाताने लिहून फोटो पाठवायचा. तपासायचं काम मी घेते, पण एक अट: नुसतं चूक-बरोबर लिहून परत करायचं नाही, कुठे अडलं तिथे एक नवा प्रश्न लिहून द्यायचा. तपासनीस आणखी लागतील. विद्यापीठात किंवा व्हीएनआयटीत एमएस्सी करणारी मुलं कुणाच्या ओळखीची आहेत का?

मृण्मयी

एमएस्सीची दोघं माझ्या ओळखीची आहेत, विचारते. शाळांमध्ये निरोप पोचवायचं काम माझं. शिक्षकांना सांगताना 'पहिल्या नंबरची मुलं पाठवा' असं सांगणार नाही. 'उत्तर आल्यावरही जे थांबत नाही ते मूल पाठवा' असं सांगेन. कधीकधी त्याला गणितात साठच गुण असतात.

आजोबा_महाल

ओसरीवर पोरं जमणार असतील तर माझी हरकत मागे. मध्ये अर्धा तास खेळायला ठेवा मात्र.

अनघा_नागपूर

काय बोलू कळत नाही. इतकं सगळं सुचेल असं वाटलं नव्हतं. मुख्याध्यापकांची वेळ घेतली आहे, मृण्मयीताईंनी सांगितलं तसंच मांडणार आहे.

मास्तर, तक्ता दिला. विभाजकांचा रकाना तिने अजून अर्धाच भरलाय, कारण तिला मध्येच वेगळंच दिसलं. म्हणाली, ३, ६, १२, २४ यांच्या तऱ्हा सारख्याच आहेत. ५, १०, २०, ४० यांच्याही सारख्या. "दुप्पट केलं तरी तऱ्हा वाढत नाहीत, आई. म्हणजे २, ४, ८, १६ हे सगळे १ सारखेच वागणार. आणि १ ला एकच तऱ्हा आहे." एवढं बोलून खेळायला पळाली. हे बरोबर आहे का?

निवृत्त_मास्तर

अगदी बरोबर आहे, आणि मी सुचवलेल्या वाटेपेक्षा सुंदर आहे. तिला शाबासकी द्या आणि एवढंच विचारा: दुप्पट केल्यावर तऱ्हा का वाढत नाहीत? २४ पर्यंत दिसलं, पण २४००० लाही असंच होईल कशावरून? यावर तिला हवा तितका वेळ घेऊ द्या. रविवारी तीच फळ्यावर येऊन सांगेल, मी मागे बसेन.

झेडपी_गुरुजी

उमरेडहून सकाळची एसटी धरतो. दोन पोरं आणि ती ४९५ वाली. जाण्यायेण्याची परवानगी त्यांच्या आई-बापाकडून घेतली आहे.

संत्र्याची_बाग

एक क्रेट संत्री माझ्याकडून. पाच थरांपुरती नक्की पुरतील, ५५ मोजून आणतो.

नवीन_सभासद

नमस्कार, आजच धागा वाचला. माझा मुलगा चौथीत आहे. इतक्या लहानांना घेणार का?

निवृत्त_मास्तर

जरूर आणा. तोवर त्याला हे द्या: बुद्धिबळाच्या पटाचे तिरक्या रेषेत समोरासमोरचे दोन कोपरे कापून टाकले, ६२ घरं उरली. दोन घरं झाकणाऱ्या ३१ पट्ट्यांनी तो पट पुरा झाकता येईल का? कागदाचा पट आणि पट्ट्या कापून द्या, खऱ्या हातात हव्यात. नाही जमलं तर का नाही जमलं, ते त्याने आपल्या शब्दांत सांगायचं. आणि घरांच्या रंगांबद्दल तुम्ही चकार शब्द काढायचा नाही.